अ‍ॅडिटिव्ह घालण्याआधी पितळ काढा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उसाच्या इथेनॉलपासून विमानाचे इंधन करता येईल, ही चर्चा आता साखरपट्ट्यात रुजली आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के शाश्वत इंधन मिसळायचे, असे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरीकडचा ऊस, हत्तरगीला विमानाचे सुटे भाग घडवणारे कारखाने आणि सांबऱ्याला विमानतळ, हे सारे एका बेळगाव जिल्ह्यात असताना इथे ही चर्चा होणारच. मात्र ती टनाला किती लिटर आणि लिटरला किती रुपये यापुढे जात नाही. इंधन तापल्यावर टिकते का, हा प्रश्न कोणी काढत नाही. काढलाच, तर 'त्यासाठी अ‍ॅडिटिव्ह मिळतात की' (म्हणजे इंधनात अल्प प्रमाणात मिसळायची रसायने) एवढ्यावर विषय मिटतो. ही समजूत अर्धवट आहे आणि महागात पडणारी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

जेट विमानात इंधन फक्त जळण्यासाठी नसते. इंजिनाचे वंगण, जनरेटरचे तेल, काही विमानांत हायड्रॉलिकचे तेल यांची उष्णता इंधनालाच दिली जाते. उंचावर टाकीत उणे अंशांत असलेले इंधन पंप, ऑइल कूलर, कंट्रोल युनिट असा प्रवास करत नोझलपाशी येईपर्यंत शंभर-दीडशे अंशांवर गेलेले असते, आणि नोझलच्या आतली भिंत त्याहूनही तापलेली असते. लढाऊ विमानात इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची उष्णताही त्याच्याच माथी येते. हा ताप सोसून कीट न धरण्याचा जो गुण, त्याला थर्मल स्टॅबिलिटी म्हणतात.

बिघाड कसा होतो ते तळणाच्या कढईवरून समजेल. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवले की कढईच्या काठाला पिवळसर, चिकट थर धरतो आणि तो साबणालाही दाद देत नाही. तेल आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून तो झालेला असतो. विमान इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेलच. त्यातही हाच प्रकार घडतो. फरक इतकाच की नोझलच्या बारीक वाटेत केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ थरही पुरतो. शंकूसारखा पडणारा फवारा एका अंगाला वळतो, त्या बाजूची ज्वाळा लांबते, कंबस्टरचा, म्हणजे ज्वलनकक्षाचा, पत्रा जळतो, टर्बाइनच्या पात्यांना चटका बसतो. कंट्रोल युनिटमधल्या सर्व्हो व्हॉल्व्हचा स्पूल (बोअर नावाच्या भोकात सरकणारा दांडा) अडकू लागतो. स्पूल आणि बोअर यांच्यात किती मायक्रॉनची फट असते आणि तिथे चिकटा धरला की काय होते, हे उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह घडवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. इंजिन बंद केल्यानंतरची काही मिनिटेही वाईट असतात. प्रवाह थांबलेला, नोझलमध्ये घोटभर इंधन उरलेले आणि भोवतालचा धातू तापलेला. त्यात ते तिथल्या तिथे भाजून निघते.

या सगळ्याला लागणारा ऑक्सिजन बाहेरून यावा लागत नाही. हवेच्या संपर्कात असलेल्या इंधनात वजनाने दशलक्ष भागांत साधारण ६० ते ७० भाग ऑक्सिजन विरघळलेला असतो. २०,००० लिटरचा टँकर धरा. इंधनाची घनता लिटरला ०.८ किलो धरली तर वजन १६,००० किलो, आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ १ किलो. इंधन तापले की हा ऑक्सिजन हायड्रोकार्बनच्या रेणूंशी साखळीने संयोग पावू लागतो. एक मुक्तमूलक (चटकन संयोग पावणारा रेणूचा तुकडा) दुसऱ्याला जन्म देते, मध्ये हायड्रोपेरॉक्साइड (ऑक्सिजन जोडलेली अस्थिर संयुगे) तयार होतात, ते फुटले की आणखी मूलके सुटतात. शेवटी इंधनातल्या गंधक, नायट्रोजन आणि फिनॉलच्या संयुगांशी मिळून इंधनात न विरघळणारा डिंक होतो, आणि तो तापलेल्या भिंतीला चिकटतो.

अ‍ॅडिटिव्ह तीन ठिकाणी ही साखळी अडवतात, आणि तिघांची कामे वेगळी आहेत.

पहिला ऑक्सिडेशनरोधक. बहुधा बीएचटी किंवा त्याच्या कुळातले फिनॉल वापरतात. हायड्रोजन प्रक्रियेतून (हायड्रोजनने गंधकासारखी अशुद्धी काढून) आलेल्या इंधनात तो लिटरला १७ ते २४ मिलिग्रॅम घालतात. २४ चे प्रमाण धरले तर आपल्या टँकरला लागला ४८० ग्रॅम. यात एक मेख आहे. त्या टँकरमध्ये बीएचटीच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे सुमारे १५ रेणू आहेत, आणि बीएचटीचा एक रेणू फार तर दोन मूलके पकडतो. म्हणजे तो सगळा ऑक्सिजन संपवत नाही. साखळी सुरुवातीलाच तोडून वेळ मिळवून देतो. म्हणून तो घालायचा कधी, याला प्रमाणाइतकेच महत्त्व आहे. रिअ‍ॅक्टरमधून इंधन बाहेर पडले की साठवण टाकीत जाऊन त्याला हवा लागण्याआधी, वाहत्या धारेतच तो मिसळला पाहिजे. आठवडाभराने टाकीत पेरॉक्साइड वाढलेले दिसले आणि मग बीएचटी ओतला, तर झालेले पेरॉक्साइड तो काढून टाकत नाही. आणि हे पेरॉक्साइड रबरी सील आणि डायफ्रॅमही खातात. बीएचटी ही दाणेदार भुकटी असते. ती आधी थोड्या इंधनात पूर्ण विरघळवून घ्यायची (१० टक्क्यांचे द्रावण केले तर या टँकरला ४.८ लिटर) आणि प्रवाहाच्या प्रमाणात चालणाऱ्या डोसिंग पंपाने सोडायची. टाकीच्या मॅनहोलमधून बादलीने ओतलेले द्रावण थराथरात राहते. वरचा नमुना पास होतो, खालचा होत नाही, आणि दोष अ‍ॅडिटिव्हच्या माथी मारला जातो.

एक गोष्ट वरवर उलटी वाटते. हायड्रोजनने धुतलेले स्वच्छ इंधन ऑक्सिजन झपाट्याने खाते, पण कीट कमी धरते. कारण कीट बनायला लागणारी गंधक-नायट्रोजनची संयुगे त्यात नसतात. थेट खनिज तेलातून काढलेले इंधन ऑक्सिजन सावकाश खाते, कारण नैसर्गिक फिनॉल त्याला सांभाळतात. पण तेच पुढे किटात सामील होतात. त्यामुळे पहिल्या प्रकारात बीएचटी अत्यावश्यक ठरतो, तर दुसऱ्यात त्याचा फारसा फरक पडेलच असे नाही. सरसकट एकच नुस्खा सगळ्या इंधनांना लावता येत नाही.

दुसरा धातुनिष्क्रियक, म्हणजे एमडीए. आमच्या पत्राचे खरे कारण हाच आहे. पितळी पातेल्याची कल्हई गेली की त्यात ताक किंवा आमटी कळकते, हे आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. तांबे अन्नात उतरते, म्हणून कल्हईवाला कथलाचा मुलामा देऊन तांबे झाकतो. विमान इंधनालाही तांब्याचे तसेच वावडे आहे, फक्त लागणारे तांबे कल्पनेपलीकडे थोडे असते. विरघळलेले तांबे हायड्रोपेरॉक्साइड भराभर फोडते, आणि अब्ज भागांत काही दहा भाग एवढे तांबेही कीट वाढवायला पुरते. अब्जात २० भाग म्हणजे आपल्या १६,००० किलोच्या टँकरमध्ये किती? ०.३२ ग्रॅम. एखाद्या पितळी फेरूलची (नळीच्या जोडातल्या कड्याची) झिजलेली कड त्याहून जड भरेल. अमेरिकी नौदलाला हा धडा जहाजांवर मिळाला. तिथे इंधनाचे नळ तांबे-निकेल मिश्रधातूचे होते आणि त्यातून गेलेल्या जेपी-५ या नौदलाच्या विमान इंधनात तांबे उतरत असे.

एमडीएचा रेणू तांब्याच्या अणूला चारही बाजूंनी कवटाळतो आणि त्याला निष्क्रिय करतो. इंधन तयार होताना त्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम, आणि पुढे पुन्हा घालावा लागला तरी एकूण ५.७ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. २ मिलिग्रॅमने टँकरला ४० ग्रॅम होतात, आणि ०.३२ ग्रॅम तांब्याला बांधायला हिशेबाने दीड ग्रॅमही पुरे. मग अडचण काय? अडचण ही की तांब्याचा झरा चालू राहिला तर एमडीए रोज खर्च होत राहतो, आणि एकूण मर्यादा गाठली की पुढे काही घालता येत नाही. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. प्रयोगशाळेतल्या चाचणीत जी अ‍ॅल्युमिनियमची नळी तापवतात, तिच्या पृष्ठभागावर एमडीए स्वतःच बसतो आणि कीट चिकटू देत नाही. चाचणीचा निकाल सुधारतो. इंजिनातल्या स्टीलवर, तास न् तास चालल्यावर, तेवढा फायदा मिळेलच असे नाही. म्हणून एमडीए घालण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही निकाल दाखल्यावर हवेत. फक्त नंतरचा निकाल दाखवणाऱ्या पुरवठादाराला आधीचा मागितलाच पाहिजे.

तिसरा प्रकार डिस्पर्संट आणि डिटर्जंटचा. कीट झालेच तर त्याचे कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटू न देता तरंगत ठेवायचे, म्हणजे ते इंधनाबरोबर जळून जातात. अमेरिकी हवाई दलाने १९९० च्या दशकात जेपी-८+१०० नावाचे इंधन आणले ते याच जोरावर. नावातले १०० म्हणजे १०० अंश फॅरनहाइटची वाढ: ३२५ वरून ४२५ फॅरनहाइट, आपल्या मापात १६३ वरून २१८ अंश सेल्सिअस. त्याचे तयार मिश्रण लिटरला २५६ मिलिग्रॅम घालतात. त्यात सुमारे २५ मिलिग्रॅम बीएचटी, २ मिलिग्रॅम एमडीए आणि उरलेला डिस्पर्संट व द्रावक. टँकरला ५ किलोच्या थोडे वर. खर्चाच्या मानाने फायदा मोठा, यात शंका नाही.

पण जो पदार्थ किटाला भिंतीपासून दूर ठेवतो तोच पाण्याच्या थेंबांना एकमेकांपासून दूर ठेवतो. विमानतळावर इंधनातले पाणी काढणारे कोअ‍ॅलेसर फिल्टर बारीक थेंब एकत्र आणून मोठे करतात आणि खाली बसवतात. डिस्पर्संट कोअ‍ॅलेसरच्या तंतूंवर बसला की थेंब मोठे होत नाहीत, पाणी सरळ पुढे जाते. म्हणून +१०० मिश्रण शक्यतो विमानात भरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, फिल्टरच्या पुढे घालायचे. आणि विमानातून परत काढलेले असे इंधन साध्या इंधनाच्या शंभर पटीत पातळ केल्याशिवाय मोठ्या टाकीत सोडायचे नाही, हे नियम आले. काही ठिकाणी पाणी शोषणारे पॉलिमरचे फिल्टर लावून वाट काढली गेली. त्या पॉलिमरचा धोका २०१० मध्ये जगाने पाहिला. सुराबायाहून हाँगकाँगला निघालेल्या विमानाच्या इंधनात खाऱ्या पाण्यामुळे सुटलेले पॉलिमरचे बारीक गोळे गेले आणि दोन्ही इंजिनांचे मीटरिंग व्हॉल्व्ह (इंधन मोजून सोडणारे) अडकले. त्या इंधनात +१०० नव्हते. तरीही डिस्पर्संट सुचवणाऱ्याने पाण्याची तजवीज आधी सांगितली पाहिजे, हे यातून दिसते. शिवाय नागरी विमानात, विमान आणि इंजिन बनवणाऱ्यांची मान्यता नसलेला थेंबही घालता येत नाही, हे वेगळेच.

आता चाचणीविषयी, आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हा भाग उपयोगी पडेल. एएसटीएम या मानक संस्थेची डी ३२४१ ही जगभरची मान्य पद्धत, बोलीभाषेत जेएफटॉट. सुमारे ६०० मिलिलिटर इंधन गाळून घ्यायचे, त्यात ६ मिनिटे कोरडी हवा मिनिटाला दीड लिटर या वेगाने सोडून ते ऑक्सिजनने भरून घ्यायचे. मग ते सुमारे ३४ बार दाबाखाली, मिनिटाला ३ मिलिलिटर या गतीने, २६० अंश सेल्सिअसला तापवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवरून अडीच तास वाहू द्यायचे. म्हणजे ४५० मिलिलिटर इंधन नळीवरून जाते. पुढे १७ मायक्रॉनची जाळी असते; तिच्यावरचा दाबातला फरक पाऱ्याच्या २५ मिलिमीटरवर जाता कामा नये. नळीवरच्या डागाचा रंग मानक पट्टीवर ३ च्या खाली हवा, आणि मोरपिशी छटा अजिबात नको. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाला रंग चढतात तशीच ही छटा. ती दिसली की थर ठरावीक जाडीचा झाला असे समजायचे. आता थराची जाडी थेट मोजणारी यंत्रेही आहेत. तिथे मर्यादा ८५ नॅनोमीटर.

यात चुका कुठे होतात ते सांगितलेले बरे, कारण नापास झालेला नमुना नेहमीच वाईट इंधनाचा नसतो. नळी उघड्या बोटांनी धरली की घामाचा ठसा भाजून डागासारखा दिसतो. आधीच्या चाचणीचे अवशेष टोल्युइन, अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपॅनॉल समभाग घेऊन नीट धुतले नाहीत तर पुढचा नमुना त्यांची शिक्षा भोगतो. तापमापकाची खातरजमा शुद्ध कथील वितळण्याच्या २३२ अंशांवर करतात. ती टाळली आणि यंत्र पाच-सात अंश जास्त तापत राहिले, तर काठावरचे इंधन नापास ठरते. नमुना पांढऱ्या काचेच्या बाटलीत उन्हात ठेवला तर पेरॉक्साइड बाटलीतच वाढतात; आतून इपॉक्सीचा लेप असलेला डबा किंवा गडद काच हवी. आणि सर्वांत नेहमीची चूक म्हणजे नमुना पितळी तोटीतून घेणे. तोटीत रात्रभर साचलेले पहिले इंधन सोडून न देता तेच बाटलीत भरले की टाकीतल्या चांगल्या मालाचा निकाल बिघडतो. दुसरे असे, की २६० ला पास म्हणजे फक्त पास. इंधनात वाव किती आहे ते कळायला २७५, २९० असे चढत जाऊन ते नेमके कुठे नापास होते हा बिंदू काढावा लागतो. अ‍ॅडिटिव्हचा खरा परिणाम त्या बिंदूच्या सरकण्यात दिसतो.

आता इथेनॉलकडे. इथेनॉलमधले पाणी तोडून इथिलीन वायू, त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या, मग हायड्रोजन, मग ऊर्ध्वपातनाने जेटच्या पट्ट्यातला भाग वेगळा, असा हा मार्ग आहे. जुन्या डिस्टिलरीत तांब्याच्या प्लेटा असतात म्हणून कोणी घाबरू नये. इथेनॉल वायूरूपाने पुढे जाते, तांबे मागे राहते. निघणारे इंधन गंधकाविना, अ‍ॅरोमॅटिकविना, फार स्वच्छ असते. म्हणूनच एएसटीएम डी ७५६६ या शाश्वत विमान इंधनाच्या मानकात ते न मिसळलेले असताना त्याची जेएफटॉट चाचणी २६० ऐवजी ३२५ अंशांवर घेतात: एवढे शुद्ध इंधन तिथे नापास झाले तर बाहेरून काहीतरी मिसळले आहे. पण त्यात नैसर्गिक संरक्षक एकही नाही. बीएचटीचे १७ ते २४ मिलिग्रॅम तिथल्या तिथे गेले नाहीत तर पेरॉक्साइड वाढायला वेळ लागत नाही. नंतर ते खनिज इंधनात जास्तीत जास्त ५० टक्के मिसळायचे आणि मिश्रणाची चाचणी पुन्हा २६० ला घ्यायची. मिसळण्याआधी दोन्ही घटकांत कोणते अ‍ॅडिटिव्ह किती आहे याची नोंद नसेल तर एकूण मर्यादा कधी ओलांडली ते कळणारही नाही.

धोका आहे तो शेवटच्या टाकीपासून पुढे, आणि तिथले साहित्य आपल्याच भागात बनणार आहे. गनमेटलचा व्हॉल्व्ह, फॉस्फर ब्रॉन्झचे बुश असलेला पंप (दोन्ही तांब्याचेच मिश्रधातू), जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, कॅडमियम प्लेटिंगचे फिटिंग, पितळी नमुना-तोटी: पाण्याला आणि हायड्रॉलिक तेलाला हे सगळे उत्तम चालते, विमान इंधनाला नाही. प्रेशर गेज तर सगळ्यांच्या नजरेतून सुटते, कारण डायल स्टीलची दिसते आणि आतली बूर्डन नळी (दाबाने हलून काटा फिरवणारी वाकडी नळी) ब्रॉन्झची असते. त्या नळीत इंधन हलत नाही, महिनोन् महिने साचून राहते, आणि दाब बदलला की थोडे थोडे बाहेर येते. गेज मागवताना इंधनाला लागणारे सर्व भाग स्टेनलेस स्टीलचे, असे ऑर्डरवर लिहून घ्यावे. टाक्यांना आतून इपॉक्सी लेप, तळाला पाणी काढायचा उतार आणि रोजचा निचरा, हेही मूळ नकाशातच असावे. नंतर जोडलेला निचरा कोपऱ्यातले पाणी काढत नाही.

आमची विनंती अशी. जिल्ह्यात असा कोणताही प्रकल्प येणार असेल तर त्याच्या अहवालात जेएफटॉट यंत्र, सूक्ष्म प्रमाणातले तांबे मोजण्याची सोय आणि पेरॉक्साइडची चाचणी पहिल्या दिवसापासून धरलेली असावी. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवून आठ दिवसांनी निकाल आला तर तोवर टाकी रिकामी झालेली असते. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ बेळगावातच आहे. यांत्रिकी आणि रसायनाच्या विद्यार्थ्यांना एकत्र घेऊन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या इंधनात बुडवून, ठरावीक तापमानाला ठरावीक तास ठेवून तांबे किती उतरते हे मोजण्याचा प्रकल्प फार कमी खर्चात होईल. साधी पितळी पट्टी, कल्हई केलेली पट्टी आणि स्टेनलेसची पट्टी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. रॉकेलवर मात्र नको, थेट विमान इंधनावरच करावी, कारण रॉकेलमधली गंधकाची संयुगे निकाल बिघडवतात.

कळावे,
इंधन व यंत्र विषयातील काही वाचक
उद्यमबाग, बेळगाव